पायांना चैन नाही : डॉ. थॉमस विलिसची साडेतीनशे वर्षांपूर्वीची नोंद

रात्री दिवा मालवावा, अंथरुणाला पाठ टेकावी आणि नेमके तेव्हाच पाय जागे व्हावेत. पोटऱ्यांच्या आत काहीतरी सळसळते, वळवळते, ओढल्यासारखे होते. दुखते म्हणावे तर नीटसे दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून खोलीत चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. परत आडवे व्हावे तर पुन्हा तेच. घरातले बाकीचे गाढ झोपलेले असतात आणि हा माणूस पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत असतो. सकाळी डॉक्टरांना सांगायला जावे तर नेमके काय होते यासाठी शब्द सापडत नाहीत.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. त्याची पहिली नेमकी नोंद इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने १६७२ साली केली. त्याच्याकडे एक प्रतिष्ठित घरातली बाई आली होती. रात्री हातापायांना बसणाऱ्या झटक्यांमुळे आणि तळमळीमुळे तिला झोप म्हणून लागत नव्हती. अंथरुणावर पडणे तिला छळ होण्याच्या जागी पडण्यासारखे झाले होते. डॉक्टरने तिचे म्हणणे भ्रम म्हणून झटकून टाकले नाही. तिच्यावर काय उपचार केले, किती दिवस केले आणि शेवटी काय झाले, हे त्याने लिहून ठेवले. या डॉक्टरचे नाव थॉमस विलिस. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात, तोच हा विलिस. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते. माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

गडी म्हणून राहिलेला विद्यार्थी

विलिसचा जन्म २७ जानेवारी १६२१ रोजी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या ग्रेट बेडविन या गावी झाला. घर शेतीवाडीचे आणि राजनिष्ठ. आई तो दहा वर्षांचा असताना गेली. बालपणाचा बराच काळ ऑक्सफर्डच्या जवळच गेला आणि शाळेसाठी तो रोज पायी शहरात जाई. वाटेत भिकारी भेटले की हा मुलगा स्वतःची शिदोरी त्यांना देऊन टाकी आणि दिवसभर उपाशी राही, म्हणून अखेर त्याला घरीच जेवू घालून मग शाळेत धाडण्याची पद्धत पडली, अशी एक आठवण त्याच्याबद्दल सांगितली जाते.

१६३७ साली तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तिथल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी तो नोकर म्हणून राहिला. त्या घरच्या बाईंना औषधांची चांगली जाण होती. त्या स्वतः औषधे बनवून लोकांना देत आणि कुटणे, गाळणे, मिसळणे अशा कामांत या पोराची मदत घेत. वैद्यकाचे पहिले धडे विलिसने असे एका स्वयंपाकघरात गिरवले.

पुढे देशात यादवी युद्ध पेटले. राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातल्या त्या लढाईत ऑक्सफर्ड ही राजाची छावणी बनली. विलिसने राजाच्या बाजूने हत्यार उचलले. १६४६ साली शहर संसदेच्या फौजांना शरण गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विलिसला वैद्यकीची पदवी मिळाली. युद्धाच्या गोंधळात वैद्यकाचे रीतसर शिक्षण त्याला फार थोडे मिळाले होते. त्यामुळे हिप्पोक्रेटिस आणि गेलन यांची जुनी पुस्तके त्याने इतरांइतकी घोकली नव्हती. याचा त्याला तोटा झाला तसा फायदाही झाला. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा समोरच्या माणसाला काय होते आहे, याकडे त्याची नजर आधी जाऊ लागली.

सुरुवातीची प्रॅक्टिस अगदी बेताची होती. तो आणि त्याचा एक डॉक्टर मित्र यांच्यात मिळून एकच घोडा होता. त्यावर बसून आळीपाळीने आजूबाजूच्या बाजारगावी जायचे, लोकांनी बाटलीत आणलेली लघवी पाहून निदान सांगायचे आणि मिळतील ते पैसे घ्यायचे. दिसायला विलिस मध्यम उंचीचा, गडद तांबड्या केसांचा. बोलताना बऱ्यापैकी अडखळायचा. चारचौघांत छाप पाडावी असे त्याच्यात काही नव्हते. पण १६५० ते १६५२ या काळातली त्याच्या रुग्णांची टिपणवही आजही उपलब्ध आहे. ती चाळली की या अडखळत बोलणाऱ्या डॉक्टरचे कान आणि डोळे किती तयार होते ते कळते.

फाशीनंतर उठून बसलेली ॲन

१४ डिसेंबर १६५० हा दिवस विलिसच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला. ॲन ग्रीन ही बावीसएक वर्षांची मोलकरीण. मालकाच्या नातवापासून तिला दिवस गेले होते आणि अकाली जन्मलेले मूल मेलेले निघाले. तिच्यावर बालहत्येचा आरोप ठेवून तिला ऑक्सफर्डमध्ये फाशी दिले गेले. सुमारे अर्धा तास ती दोरावर होती. तिचे हाल लवकर संपावेत म्हणून तिच्याच माणसांनी तिचे पाय खाली ओढले होते. नंतर शवपेटी विच्छेदनासाठी विल्यम पेटी या डॉक्टरच्या बिऱ्हाडी आणली गेली. विलिस तिथे पोहोचला. पेटी उघडल्यावर तिच्या घशातून घरघर ऐकू आली.

विच्छेदनाची तयारी बाजूला राहिली. पेटी, विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे हातपाय चोळले, गरम पेये घशात सोडली, ऊब मिळावी म्हणून दुसऱ्या एका बाईला तिच्या शेजारी अंथरुणात झोपवले. काही तासांत ती बोलू लागली, काही दिवसांत हिंडूफिरू लागली. मूल मुळात मृतच जन्मले होते, हे डॉक्टरांनी ठासून मांडले आणि तिला माफी मिळाली. पुढे तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. ज्या बाईवर कोणी विश्वास ठेवला नव्हता तिच्या बाजूने डॉक्टर उभे राहिले. या घटनेने पेटी आणि विलिस यांचे नाव सगळीकडे झाले.

गंजलेल्या दगडांचा ओढा

ऑक्सफर्डमध्ये तेव्हा नव्या विचारांच्या मंडळींचा एक गट जमत असे. ग्रंथप्रामाण्य सोडून प्रयोग करून पाहायचा, ही त्यांची धारणा. याच वर्तुळातून पुढे लंडनची रॉयल सोसायटी उभी राहिली. रॉबर्ट हूक काही काळ विलिसचा मदतनीस होता, मग तो रॉबर्ट बॉइलकडे गेला. तत्त्वज्ञ जॉन लॉकने विलिसच्या व्याख्यानांची टिपणे घेतली. विलिसला स्वतःला रसायनशास्त्राचा नाद होता.

या नादाची एक गोष्ट चरित्रकार जॉन ऑब्रीने सांगितली आहे. एकदा विलिस घोड्यावरून रुग्णाला पाहायला चालला होता. ॲस्ट्रॉप या खेड्याजवळ एका लहानशा ओढ्यातले दगड तांबूस पिवळे, गंजल्यासारखे दिसले. पाण्यात लोह असावे, असे त्याच्या मनात आले. त्याने मायफळाची पूड आणवली आणि पाण्यात टाकली. पाणी लगेच काळपट झाले. मायफळातले टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग येतो, शाई त्यावरच बनत असे. लोहयुक्त पाण्यासाठी रुग्णांना आता दूरच्या टनब्रिजला पाठवायचे कारण उरले नाही, असे विलिसने ठरवले आणि तो त्यांना ॲस्ट्रॉपला धाडू लागला. कोणी न विचारणारे ते गरीब खेडे बघता बघता भरभराटीला आले.

विलिसला लोहाचे महत्त्व कळले होते. पण ज्या आजाराची पहिली नोंद आपण करणार आहोत त्याच्याशी या लोहाचे जवळचे नाते आहे, हे त्याला माहीत नव्हते. ते उमगायला पुढे जवळपास तीनशे वर्षे जावी लागली.

मेंदूचा नकाशा

१६६० साली राजसत्ता परत आली. युद्धानंतरच्या अवघड काळातही आपल्या पंथाची निष्ठा न सोडलेल्या विलिसला ऑक्सफर्डमध्ये नैसर्गिक तत्त्वज्ञानाच्या सेडलियन प्राध्यापकपदावर नेमले गेले. आता त्याने मेंदूचा अभ्यास हाती घेतला. तोवर मेंदू कवटीत असतानाच वरून एकेक थर कापत जाण्याची पद्धत होती. त्यात तळाचा भाग लोळागोळा होऊन जाई. विलिस आणि त्याचा कुशल सहकारी रिचर्ड लोअर यांनी मेंदू अख्खा बाहेर काढून खालच्या बाजूने पाहायला सुरुवात केली. बॉइलने दाखवून दिल्याप्रमाणे अल्कोहोलमध्ये ठेवून तो टिकवता येऊ लागला. चित्रे काढायला क्रिस्टोफर रेन होता, ज्याने पुढे लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारले.

१६६४ साली ‘सेरेब्री ॲनाटोमे’ हे पुस्तक लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या तळाशी चार मोठ्या रक्तवाहिन्या एका कड्याने जोडलेल्या आहेत, हे आधीही काहींनी पाहिले होते. ते कडे कशासाठी आहे, हे विलिसने सांगितले. एका रुग्णाच्या शवविच्छेदनात त्याला मानेतली एक मुख्य धमनी पूर्ण बंद झालेली आढळली. तरीही त्या माणसाला जिवंतपणी पक्षाघात झाला नव्हता, तो पोटातल्या गाठीने गेला होता. दुसऱ्या वाहिन्या रुंदावून कड्यातून रक्त पुरवत होत्या. एक रस्ता बंद झाला तर दुसरीकडून वळवता यावे, अशी ती सोय होती. ‘न्यूरोलॉजी’ हा शब्दही विलिसनेच रूढ केला.

लंडन, कीर्ती आणि हरलेले उपचार

१६६६ च्या आगीत लंडन जळाले. त्यानंतर १६६७ साली कँटरबरीच्या आर्चबिशपच्या आग्रहावरून विलिस राजधानीत आला आणि सेंट मार्टिन्स लेनमध्ये राहू लागला. थोड्याच काळात तो लंडनमधल्या सर्वांत मागणी असलेल्या डॉक्टरांपैकी एक झाला. श्रीमंतांच्या बग्ग्या दाराशी उभ्या राहत, तशी गरिबांचीही रांग लागे. त्यांच्याकडून तो पैसे घेत नसे. बोलण्यात गोडवा नसला तरी स्पष्टपणा होता. राजाच्या भावाच्या मुलांच्या प्रकृतीबद्दल त्याने खरे मत सांगून टाकले आणि त्यामुळे दरबाराची मर्जी गेली, असे बर्नेट या इतिहासकाराने नमूद केले आहे.

असा स्पष्टपणा तो स्वतःच्या अपयशाबद्दलही ठेवी. वीसएक वर्षे भयंकर डोकेदुखीने पिडलेल्या एका उमराव घराण्यातल्या बाईची हकिगत त्याने लिहिली आहे. ती तत्त्वज्ञ ॲन कॉनवे असावी, असे अभ्यासक मानतात. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेसह त्या काळच्या नामवंतांनी तिच्यावर इलाज करून पाहिले होते. त्यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही, हे विलिसने दडवले नाही. उपचार हरले म्हणून आजार खोटा ठरत नाही, ही त्याची भूमिका त्यातून दिसते.

घरातही दुःख होते. मेरी फेलशी त्याचे लग्न १६५७ साली झाले होते. काही मुले लहानपणीच गेली आणि १६७० मध्ये मेरीही गेली. पुढच्या दोन वर्षांत विलिसने आपला आणखी एक मोठा ग्रंथ पुरा केला.

त्या रात्रींची नोंद

१६७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डी ॲनिमा ब्रुटोरम’ या ग्रंथात निद्रानाशाबद्दल विवेचन आहे. त्यात विलिसने लिहिले, की काही लोक झोपायला अंथरुणावर पडले की लगेच त्यांच्या हातापायांत उसळ्या आणि आचके सुरू होतात. इतकी तगमग आणि हातपाय झाडणे चालते, की यातनागृहात पडलेल्या माणसाला जशी झोप येणार नाही तशी यांनाही येत नाही. आजचा डॉक्टर निदानासाठी जे विचारतो त्यातले बरेचसे या थोडक्या वर्णनात आले आहे. त्रास विश्रांतीच्या वेळी सुरू होतो, रात्री होतो, हातपाय हलवत राहावे लागतात आणि झोपेचे खोबरे होते.

कारणाचा अंदाज मात्र त्या काळाला धरून होता. नसांमधून ‘प्राणद्रव्य’ वाहते, ते बिघडले की बारुदीसारखे स्फोट होतात, असे विलिस मानत असे. हे आज टिकत नाही. पण बिघाड पायांच्या स्नायूंत नसून मज्जासंस्थेत आहे, ही त्याची दिशा बरोबर होती.

त्या बाईला विलिसने लॉडेनम दिले, म्हणजे अफूचा अर्क. तिने तो जवळजवळ तीन महिने घेतला. तिच्या मेंदूवर किंवा इतर कशावर वाईट परिणाम झाला नाही, अशी नोंद त्याने केली. दरम्यान दुसरी औषधे देऊन मूळ बिघाड सुधारण्याचा प्रयत्न चालू ठेवला. मग अफू पूर्ण बंद केली आणि तरीही तिला बऱ्यापैकी झोप लागू लागली. आधी रुग्णाला झोप मिळवून द्यायची, सोबत कारणावर इलाज करायचा आणि जोखमीचे औषध गरज संपताच थांबवायचे, असा हा क्रम होता.

विलिसने यानंतर मधुमेहींच्या लघवीच्या गोडव्याचे वर्णन केले. भारतातल्या आयुर्वेदाने ‘मधुमेह’ या नावातच ती गोष्ट कित्येक शतके आधी सांगितलेली होती, युरोपच्या वैद्यकात ती विलिसमुळे ठसली. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी, चौपन्नाव्या वर्षी, खोकल्याचे निमित्त होऊन न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला पुरले.

नोंद हरवली, आजार राहिला

विलिसचे ते वर्णन नंतर विस्मरणात गेले. १८६१ मध्ये विटमाक या जर्मन डॉक्टरने हाच त्रास ‘पायांची घबराट’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने मांडला, पण त्याचा संबंध हिस्टेरियाशी जोडला. रात्री फेऱ्या मारणाऱ्या बायकांच्या पदरी त्यामुळे आजाराबरोबर बदनामीही आली. १९४५ साली कार्ल-ॲक्सेल एकबोम या स्वीडिश न्यूरॉलॉजिस्टने अनेक रुग्ण तपासून सविस्तर प्रबंध लिहिला आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिले. म्हणून या आजाराला ‘विलिस–एकबोम आजार’ असेही म्हणतात. लोहाची कमतरता आणि गरोदरपण यांच्याशी त्याचा संबंध एकबोमच्या लक्षात आला. १९५३ मध्ये नॉर्डलँडर या त्याच्याच देशातल्या डॉक्टरने शिरेतून लोह देऊन रुग्ण बरे होतात असे दाखवले. ॲस्ट्रॉपच्या ओढ्यातली गोष्ट अशी तीन शतकांनी विलिसच्या रुग्णापर्यंत येऊन पोहोचली.

आता यामागची यंत्रणा बरीच उलगडली आहे. मेंदूत डोपामिन तयार होण्यासाठी लोह लागते. या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी असते आणि रक्तातले हिमोग्लोबिन उत्तम असतानाही ते कमी असू शकते. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास जास्त आढळतो.

औषधच आजार वाढवते तेव्हा

१९८२ साली लेव्होडोपा या औषधाने आराम पडतो असे दिसले. नंतर प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनसारखे काम करणारी औषधे आली. पहिल्याच रात्री शांत झोप लागल्याने रुग्ण आणि डॉक्टर दोघेही हरखले. पुढच्या काही वर्षांत वेगळेच चित्र दिसू लागले. रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी पाचला, मग दुपारी सुरू होऊ लागला. पायांतला त्रास हातांत पसरला. गोळी वाढवली की थोडे दिवस बरे, मग पुन्हा पहिल्यापेक्षा वाईट. याला ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात. औषधानेच आजाराची धार वाढवलेली असते. काही जणांना याच औषधांमुळे जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची अनावर ओढ लागते. त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने ही औषधे सरसकट वापरू नयेत, असा सल्ला दिला.

नेहमीच्या उपचारांनी गुण येत नाही तेव्हा काय करायचे, याचे आजचे उत्तर विलिसच्या क्रमाच्या बरेच जवळ जाते.

सर्वांत आधी निदान पुन्हा तपासावे लागते. पोटरीत गोळा येणे, मधुमेहामुळे तळपायांची आग होणे, बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. हलवण्याची अनावर ओढ, बसल्या-पडल्या सुरुवात, चालल्यावर आराम आणि संध्याकाळ-रात्री जोर, ही चारही लक्षणे जुळली पाहिजेत.

मग लोह. केवळ हिमोग्लोबिन पुरेसे नाही. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्या सकाळी, आदल्या दिवसापासून लोहाची गोळी बंद ठेवून कराव्यात. मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी अथवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर या आजारात लोह देण्याचा विचार होतो. प्रयोगशाळेच्या अहवालात हाच आकडा ‘नॉर्मल’ छापलेला असतो आणि तिथेच अनेकांचा उपचार अडतो. फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून लोह द्यावे लागते आणि ते रुग्णालयातच. थॅलेसेमियासारख्या आजारांत लोह शरीरात साचून अपाय होतो, म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

तिसरी गोष्ट, घरातल्या औषधांच्या डब्याची झडती. सर्दीवरची झोप आणणारी ॲलर्जीची औषधे, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची बरीचशी आणि मानसिक आजारांवरची काही औषधे पायांची अस्वस्थता वाढवतात. झोप येत नाही म्हणून घेतलेली सर्दीची गोळीच झोप उडवत असते. यांतली मानसिक आजाराची औषधे स्वतःहून थांबवणे धोक्याचे आहे, पर्याय डॉक्टरांनीच द्यायचा. दारू, रात्रीचा चहा-कॉफी आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार हेही तपासावे.

ऑगमेंटेशन झालेले असेल तर डोपामिनची गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची. त्या दिवसांत काही रात्री फार वाईट जातात. हे आधी सांगितलेले असले तर रुग्ण टिकून राहतो. आता पहिली पसंती गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन या गटाला आहे. त्यांनीही गुंगी, तोल जाणे, वजन वाढणे असे त्रास होतात, म्हणून वयस्करांत बेताने द्यावी लागतात. पायाच्या नसेला गुडघ्याखाली सौम्य विद्युत उत्तेजन देणारी साधनेही काही ठिकाणी वापरात आली आहेत.

इतके करूनही रात्र सरत नसेल, तर अफूच्या कुळातली औषधे अगदी कमी मात्रेत दिली जातात. विलिसने जिथून सुरुवात केली तिथे आजचे वैद्यक शेवटी पोहोचते. बद्धकोष्ठ, व्यसन, झोपेत श्वास मंदावणे हे धोके खरे आहेत, म्हणून ती ठरावीक तज्ज्ञांकडून, कायद्याच्या चौकटीत आणि नियमित तपासणी करूनच घ्यायची. शेजाऱ्याकडची दुखण्याची गोळी हा त्याला पर्याय नव्हे. पण नीट निवडलेल्या, सगळे हरलेल्या रुग्णाला केवळ अफूच्या नावाला घाबरून ती नाकारणे हाही अन्यायच.

या सगळ्याच्या जोडीला रात्री पाय गरम किंवा गार पाण्याने शेकणे, पोटऱ्या दाबून घेणे, रोज माफक व्यायाम आणि झोपेची ठरलेली वेळ, हे साधे उपाय राहतातच. आजार पूर्ण बरा होईलच असे नाही. पण बहुतेकांची झोप परत मिळवता येते.

विलिसच्या काळी फेरिटिनची तपासणी नव्हती, डोपामिनचे नाव नव्हते. शरीराबद्दलचे त्याचे कितीतरी अंदाज चुकले. त्या बाईच्या बाबतीत मात्र तो चुकला नाही, कारण त्याने आधी तिचे ऐकून घेतले. रात्री पाय झोपू देत नाहीत, असे कोणी सांगितले तर आजही सुरुवात तिथूनच करायची असते. घरातल्यांनीही आणि डॉक्टरांनीही.